तारणविचार, ल्यूथरन व बॅप्टिस्ट

ख्रिस्ती धर्माच्या प्रॉटेस्टंट शाखेतील ल्यूथरन व बॅप्टिस्ट या दोन पंथांची तारणविषयक मते. पाप, मृत्यू आणि देवापासून आलेला दुरावा यांतून येशू ख्रिस्ताच्या द्वारा होणारी मनुष्याची सुटका म्हणजे तारण होय. हे तारण पुण्यकर्मांच्या बळावर मिळविता येत नाही, ते देवाच्या कृपेने व विश्वासाने प्राप्त होते, याविषयी दोन्ही पंथांचे एकमत आहे. मतभेद सुरू होतो तो त्यापुढील प्रश्नापासून : ही कृपा विशिष्ट माणसापर्यंत कोणत्या मार्गाने व केव्हा पोहोचते? देवाच्या वचनाने व बाप्तिस्म्याच्या पाण्याने ती बाहेरून येऊन माणसाला कवेत घेते, असे ल्यूथरन मानतात. तर माणसाने ती जाणतेपणी, वैयक्तिक विश्वासाने स्वीकारावयाची असून बाप्तिस्मा ही त्या स्वीकाराची जाहीर साक्ष आहे, असे बॅप्टिस्ट मानतात. तान्ह्या मुलाचा बाप्तिस्मा करावा की नाही, हा बाह्यतः विधीचा दिसणारा वाद वस्तुतः तारणाविषयीचा वाद आहे तो यामुळेच.

महाराष्ट्रात या प्रश्नाचा विचार नंदुरबार जिल्ह्याच्या संदर्भात करणे विशेष उद्‌बोधक ठरते. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा करण्यात आलेला हा जिल्हा पूर्वीच्या पश्चिम खानदेशाचा भाग असून भिल्ल, पावरा, मावची, कोकणा, गावित इ. आदिवासी जमातींची येथे बहुसंख्या आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नवापूर, नंदुरबार व आसपासच्या प्रदेशांत ज्यांनी ख्रिस्ती धर्माचा प्रसार केला, ते मिशनरी प्रामुख्याने स्कँडिनेव्हियन वंशाचे होते. ज्या देशांत ल्यूथरन मत हाच राजधर्म होता, त्या देशांशी नाते सांगणाऱ्या या मंडळींनी येथे ज्या मंडळ्या उभ्या केल्या, त्यांचे वळण मात्र बॅप्टिस्टांच्या अधिक जवळचे होते. असे का झाले, याचे उत्तर शोधू गेल्यास दोन्ही पंथांतील भेदाचे मर्म हाती लागते.

प्रथम ‘तारण’ या शब्दाविषयी. मराठी बायबलात हाच शब्द रूढ झाला असून ‘मोक्ष’ व ‘मुक्ती’ हे शब्द सामान्यतः टाळलेले आढळतात. कारण त्यांच्यामागे पुनर्जन्माच्या फेऱ्यातून सुटण्याची कल्पना उभी आहे आणि ख्रिस्ती विचारात सुटका व्हावयाची ती पापापासून. (पंडिता रमाबाईंनी केडगाव येथील आपल्या आश्रमास ‘मुक्ती’ हे नाव दिले, हा एक ठळक अपवाद होय.) व्यवहारात कर्जाच्या हमीसाठी ठेवलेल्या वस्तूलाही आपण ‘तारण’ म्हणतो. हा अर्थ धर्मशास्त्रातील नव्हे. तथापि ऋणको, धनको व दुसऱ्याने फेडलेले ऋण ही उपमा बायबललाही परकी नाही. ‘नीतिमान ठरणे’ ही दुसरी महत्त्वाची संज्ञा. न्यायाधीशाने आरोपीस निर्दोष ठरवावे त्याप्रमाणे देव पाप्याला ख्रिस्ताच्या नीतिमत्त्वावरून नीतिमान ठरवितो, हा तिचा आशय होय. माणूस नीतिमान ‘होतो’ असे न म्हणता ‘ठरतो’ असे म्हणण्यात ल्यूथरच्या विचाराचे सार आले आहे.

ल्यूथरन मत : मार्टिन ल्यूथर (१४८३–१५४६) हा जर्मन मठवासी व विद्यापीठातील बायबलचा अध्यापक. उपवास, कबुलीजबाब व तपश्चर्या करूनही देव आपणावर प्रसन्न आहे अशी खात्री त्याच्या मनास लाभेना. पौलाच्या पत्रांच्या अभ्यासातून देवाचे नीतिमत्त्व हे देवाने मागावयाचे नसून द्यावयाचे असते, या निष्कर्षाप्रत तो आला. १५१७ मध्ये त्याने पापक्षमापत्रांच्या विक्रीविरुद्ध पंच्याण्णव सिद्धांत मांडले आणि धर्मसुधारणेच्या आंदोलनास तोंड फुटले. १५३० च्या ऑग्जबर्ग मतांगीकारात या विचारास अधिकृत रूप मिळाले व १५८० च्या ‘बुक ऑफ कॉन्कॉर्ड’ या संग्रहात तो इतर मतपत्रांसह समाविष्ट झाला.

ऑग्जबर्ग मतांगीकाराच्या कलमांचा क्रम अर्थपूर्ण आहे. दुसरे कलम मूळ पापाविषयीचे, चौथे केवळ विश्वासाने नीतिमान ठरण्याविषयीचे आहे. पण तो विश्वास यावा कोठून? पाचवे कलम याचे उत्तर देते : सुवार्तेची घोषणा व संस्कार ही साधने देवाने दिली असून त्यांच्या द्वारा पवित्र आत्मा विश्वास उत्पन्न करतो. म्हणजे विश्वास हेदेखील माणसाचे कर्तृत्व नव्हे. ती देणगीच आहे. या भूमिकेवरून नवव्या कलमात बाप्तिस्मा तारणासाठी आवश्यक असल्याचे व बालकांचाही बाप्तिस्मा केला पाहिजे असे सांगितले आहे. तान्हे मूल काहीच करू शकत नाही, काही देऊ शकत नाही, केवळ घेऊ शकते. तेव्हा कृपा म्हणजे काय हे त्याच्या बाप्तिस्म्याइतके स्पष्ट अन्यत्र कोठेही दिसत नाही, असे ल्यूथरन विचारवंत म्हणतात. तान्ह्या मुलाच्या ठिकाणीही देव विश्वास निर्माण करू शकतो, असे ल्यूथरचे मत होते. पाणी म्हणून पाण्यात काही सामर्थ्य नाही; पाण्याशी जोडलेल्या देववचनात ते आहे, असा खुलासा त्याने १५२९ च्या लघुप्रश्नोत्तरीत केलेला आहे. त्यामुळे पाण्याचे प्रमाण गौण ठरते. डोक्यावर पाणी ओतूनही बाप्तिस्मा पूर्ण होतो आणि मूल मरणासन्न असेल तर सुइणीने वा कोणाही ख्रिस्ती व्यक्तीने केलेला बाप्तिस्मादेखील ग्राह्य मानला जातो. असे असूनही बाप्तिस्म्यावाचून दगावलेले मूल तारणास मुकले असे ल्यूथरन मानत नाहीत. संस्काराचा अभाव नव्हे, तर त्याची अवहेलना दोषास्पद होय, असे ते म्हणतात.

बाप्तिस्मा झाला म्हणजे तारण कायमचे पदरात पडले, असा याचा अर्थ नव्हे. विश्वास गमावला जाऊ शकतो, असे ल्यूथरन स्पष्टपणे मानतात. विश्वासणारा एकाच वेळी नीतिमान व पापी असतो, हे ल्यूथरचे प्रसिद्ध वचन येथे ध्यानात घ्यावयास हवे. देव त्याला नीतिमान ठरवितो. स्वतःकडे पाहू गेल्यास तो पापीच असतो. म्हणून आयुष्यभर रोज पश्चात्ताप करून बाप्तिस्म्याकडे परत जावयाचे असते. मन शंकेने ग्रासले असता आपल्या विश्वासाची खोली मोजत बसू नये, तर ‘माझा बाप्तिस्मा झालेला आहे’ हे स्वतःस सांगावे, असा ल्यूथरचा उपदेश होता. खात्रीचा आधार आपल्या आत नसून बाहेर, देवाने दिलेल्या वचनात आहे, हे त्याला सुचवावयाचे होते.

बॅप्टिस्ट मत : बॅप्टिस्ट पंथाचा उगम सतराव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमधून हॉलंडला गेलेल्या धर्मनिर्वासितांत झाला. जॉन स्मिथ याने १६०९ मध्ये ॲम्स्टरडॅम येथे प्रथम स्वतःचा व नंतर आपल्या अनुयायांचा प्रौढ बाप्तिस्मा केला. त्याचा सहकारी टॉमस हेल्विस याने १६१२ च्या सुमारास लंडनजवळ इंग्लंडमधील पहिली बॅप्टिस्ट मंडळी स्थापन केली. राजाला प्रजेच्या आत्म्यावर अधिकार नाही, असे लिहिणाऱ्या हेल्विसचा अंत तुरुंगात झाला. पंथाच्या तारणविचाराशी याचा निकटचा संबंध आहे. विश्वास ठेवण्याचे काम एकाने दुसऱ्यासाठी करता येत नाही. बाप मुलासाठी वा राजा प्रजेसाठी तर नाहीच नाही. हे एकदा मान्य केले, की बालकाचा बाप्तिस्मा व राज्याने लादलेला धर्म ही दोन्ही एकाच कारणाने अग्राह्य ठरतात.

बॅप्टिस्टांच्या मते क्रम असा आहे : वचन ऐकणे, पश्चात्ताप, विश्वास, नवा जन्म आणि त्यानंतर बाप्तिस्मा. तारण बाप्तिस्म्याने होत नाही. ज्याचे तारण झाले आहे तो आज्ञापालन म्हणून बाप्तिस्मा घेतो. त्यामुळे ते ‘संस्कार’ या शब्दापेक्षा ‘विधी’ हा शब्द पसंत करतात. १६४० नंतर पूर्ण बुडवून बाप्तिस्मा देण्याची प्रथा त्यांच्यात स्थिरावली. पाण्याखाली जाणे हे ख्रिस्ताबरोबर पुरले जाण्याचे व वर येणे हे त्याच्यासह उठण्याचे चिन्ह होय. प्रभुभोजनाकडेही ते मुख्यतः ख्रिस्ताच्या मरणाचे स्मरण म्हणून पाहतात. भाकर व द्राक्षारस यांत ख्रिस्ताचे शरीर व रक्त खरोखर उपस्थित असते, हे ल्यूथरन मत त्यांना मान्य नाही. तान्ह्या मुलासाठी अनेक बॅप्टिस्ट मंडळ्यांत समर्पणाची प्रार्थना करतात, पण तिला बाप्तिस्म्याचे स्थान नसते. समज येण्यापूर्वी मरण पावलेली मुले ख्रिस्ताच्या कृपेने तरतात, असे बहुतेक बॅप्टिस्ट मानतात.

बॅप्टिस्टांतही आरंभापासून दोन प्रवाह आहेत. ख्रिस्त सर्वांसाठी मेला, असे मानणारे ते जनरल बॅप्टिस्ट व निवडलेल्यांसाठी मेला, असे मानणारे ते पर्टिक्युलर बॅप्टिस्ट. दुसऱ्या प्रवाहावर कॅल्व्हिनच्या विचारांची छाप असून खऱ्या विश्वासणाऱ्यास देव अखेरपर्यंत टिकवून धरतो, हे त्याचे मत पुढे पंथात मोठ्या प्रमाणावर पसरले. एकदा लाभलेले तारण हरपत नाही, असे आज जे बॅप्टिस्ट मत म्हणून सांगितले जाते, ते या परंपरेतून आलेले आहे. सर्वच बॅप्टिस्टांना ते लागू करणे मात्र बरोबर नाही.

दोन्ही मतांची अडचणही सारख्याच स्पष्टतेने सांगितली पाहिजे. ल्यूथरन देशांत अवघी प्रजा जन्मतःच बाप्तिस्मा पावलेली, पण त्यांपैकी कितीकांना त्याचे काही वाटते, हा प्रश्न सतराव्या शतकापासून ल्यूथरन पंथीयांनाच सतावू लागला. फिलिप याकोप श्पेनर याच्या १६७५ मधील ग्रंथापासून सुरू झालेली भक्तिवादी चळवळ ही त्याची प्रतिक्रिया होय. उलटपक्षी बॅप्टिस्टास आपला विश्वास खरा होता का, ही शंका छळू शकते. ज्या अनुभवावर भिस्त ठेवावयाची तो अनुभव कालांतराने फिकट होतो आणि काही जण पुन्हा बाप्तिस्मा मागतात. व्यवहारात ही दरी पुष्कळदा अरुंद होते. ल्यूथरन मुलाचे पौगंडावस्थेत शिक्षणानंतर दृढीकरण होते, त्याच वयात बॅप्टिस्ट कुटुंबातील मुलाचा बहुधा बाप्तिस्मा होतो आणि दोघेही मंडळीसमोर आपल्या विश्वासाची कबुली देतात.

स्वीडनमधील दोन प्रवाह : स्वीडनमध्ये १७२६ च्या कायद्याने धर्मोपदेशकाच्या अनुपस्थितीत घरोघरी भरणाऱ्या प्रार्थनासभांवर बंदी होती, ती १८५८ मध्ये उठली. तत्पूर्वी १८४८ मध्ये तेथे पहिली बॅप्टिस्ट मंडळी स्थापन झाली होती. तिचा पुढारी एफ. ओ. नील्सन यास हद्दपारी भोगावी लागली. शेजारच्या डेन्मार्कमध्येही १८४० नंतरच्या काही वर्षांत बॅप्टिस्टांच्या मुलांचा पोलिसांच्या साहाय्याने सक्तीने बाप्तिस्मा करण्यात आला. कृपा ही केवळ देणगी आहे असे शिकविणाऱ्या चर्चने ती शिपायांकरवी वाटावी, ही विसंगती त्या काळच्या अनेक ल्यूथरनांनाही बोचली.

या वातावरणातून दोन प्रवाह मध्य व पश्चिम भारतात आले. पहिला प्रवाह, कार्ल ऊलॉफ रूसेनियस याच्या प्रभावाखालील, राजधर्माच्या चर्चमध्ये राहूनच त्यात चैतन्य आणू पाहणारा होता. १८५६ मध्ये स्थापन झालेल्या त्याच्या संस्थेचे मिशनरी १८७७ मध्ये मध्य प्रांतात आले. छिंदवाडा, सागर, बैतूल या भागांत त्यांनी कार्य केले. मध्य प्रदेशातील इव्हँजेलिकल ल्यूथरन चर्चचे केंद्र छिंदवाडा येथे आहे. नागपूरला लागून असलेल्या व सौसर, पांढुर्णा या बाजूस मराठीभाषक वस्ती असलेल्या या प्रदेशामुळे ल्यूथरन परंपरा महाराष्ट्राच्या उंबरठ्यावर येऊन पोहोचली.

दुसरा प्रवाह खानदेशात आला. त्याच्याशी निगडित असलेला फ्रेडरिक फ्रॅन्सन (१८५२–१९०८) याचा जन्म स्वीडनमधील एका भाविक ल्यूथरन कुटुंबातला. १८६९ मध्ये त्याचे कुटुंब अमेरिकेत नेब्रास्का येथे स्थायिक झाले. तेथे दीर्घ मानसिक संघर्षानंतर त्यास विश्वासाचा अनुभव आला व तो बॅप्टिस्ट मंडळीचा सभासद झाला. पुढे शिकागोतील ड्वाइट मूडी याच्या कार्याने प्रभावित होऊन त्याने १८९० मध्ये स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन ही संस्था काढली. ‘अलायन्स’ म्हणजे मैत्रीसंघ. बाप्तिस्म्याच्या मतभेदावरून कार्यकर्त्यांत फूट पडू नये, निरनिराळ्या मंडळ्यांतील माणसे एकत्र यावीत, हा या नावामागील हेतू. १९४९ मध्ये संस्थेने ‘द इव्हँजेलिकल अलायन्स मिशन’ असे नाव धारण केले. स्वीडनमधील मूळ अलायन्स मिशनचे कार्यकर्तेही खानदेशात काम करीत होते. नंदुरबार येथील एस. ए. मिशन हायस्कूलच्या नावात अलायन्स मिशनची आद्याक्षरे आजही टिकून आहेत. नवापूर तालुक्यातील चिंचपाडा येथील ख्रिस्ती रुग्णालय आता इमॅन्युएल हॉस्पिटल असोसिएशनमार्फत चालविले जाते.

खानदेशातील मंडळ्या स्वतःला बॅप्टिस्ट म्हणवीत नाहीत. पण जाणत्या वयातील कबुलीनंतर पाण्यात बुडवून बाप्तिस्मा देणे, हीच त्यांच्यातील सर्वसाधारण रीत होय. फ्रॅन्सनचा वैयक्तिक प्रवास जणू येथे सामुदायिक झाला. विदर्भात अकोला, अमरावती या भागांत कार्य करणाऱ्या ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या वेगळ्या संस्थेचेही वळण याच प्रकारचे आहे.

आदिवासी समाजाच्या संदर्भात या रीतीपुढे एक निराळाच प्रश्न उभा राहतो. भिल्ल वा मावची समाजात महत्त्वाचे निर्णय एकट्यादुकट्याने घ्यावयाचे नसून घराने, भाऊबंदाने, कधी सबंध पाड्याने मिळून घ्यावयाचे असतात. अशा समाजात ‘मी विश्वास ठेवला’ हे वाक्य ‘आम्ही ठरविले’ या वाक्यातून वेगळे कसे काढावयाचे? ल्यूथरन विचारास येथे फारशी अडचण नाही. नव्या करारात घराण्यासह बाप्तिस्मा झाल्याचे उल्लेख असून आईवडिलांबरोबर मुलांनाही पाणी देता येते, विश्वासाचे शिक्षण मागाहून देता येते. बॅप्टिस्ट विचारानुसार प्रत्येकाची स्वतंत्र परीक्षा व स्वतंत्र साक्ष आवश्यक ठरते. परिणामी एकाच घरात आई बाप्तिस्मा घेतलेली व थोरला मुलगा अद्याप न घेतलेला, अशी स्थिती संभवते. यामुळे बॅप्टिस्टांना सामुदायिक धर्मांतर वर्ज्य आहे, असे मात्र समजू नये. आंध्र प्रदेशात ओंगोलजवळ गुंडलकम्मा नदीत ३ जुलै १८७८ रोजी २,२२२ लोकांचा एकाच दिवशी बाप्तिस्मा झाला, तो बॅप्टिस्ट मिशननेच दिला होता. तेथून जवळच गुंटूर भागात १८४२ पासून ल्यूथरन मिशन कार्य करीत आले आहे. एकाच भाषेच्या व बहुतांशी सारख्याच सामाजिक थरातील लोकांत ही दोन मते शेजारीशेजारी वाढली. ती पाहता सिद्धांतापेक्षा प्रथम कोणते मिशन गावात आले, यावरच सामान्य माणसाचा पंथ ठरला, असे म्हणणे भाग पडते.

मराठी भाषेशी संबंध : मराठी मुद्रणाच्या इतिहासात विल्यम केरी (१७६१–१८३४) याचे नाव व्याकरणकार व कोशकार म्हणून येते, तो पर्टिक्युलर बॅप्टिस्ट होता, ही गोष्ट सहसा मागे राहते. बालपणी अँग्लिकन चर्चमध्ये बाप्तिस्मा झालेला असूनही त्याने १७८३ मध्ये नेन नदीत पुन्हा, त्याच्या दृष्टीने प्रथमच, बाप्तिस्मा घेतला. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलखात मिशनरी कार्यास मज्जाव असल्यामुळे त्याने श्रीरामपूर या डॅनिश वसाहतीत आश्रय घेतला. ल्यूथरन राजाच्या छत्राखाली बॅप्टिस्टांचा छापखाना चालला, हा इतिहासातील एक गमतीदार योग होय. भारतातील पहिले प्रॉटेस्टंट मिशनरी, बार्थोलोमेउस त्सीगेनबाल्ग व हाइन्रिख प्ल्यूत्शाउ, हेही डेन्मार्कच्या राजानेच १७०६ मध्ये तरंगमबाडीस धाडलेले ल्यूथरन होते. केरीने वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने १८०५ मध्ये मराठी व्याकरण, १८१० मध्ये कोश व १८११ मध्ये नवा करार प्रसिद्ध केला.

‘बाप्तिस्मा’ हा शब्दच पुढे वादाचा विषय झाला. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ बुडविणे असा आहे, तेव्हा भारतीय भाषांत त्याचे तसेच भाषांतर करावे, असा श्रीरामपूर व कलकत्ता येथील बॅप्टिस्टांचा आग्रह होता. त्यांच्या बंगाली आवृत्तीत तसे केलेले असल्यामुळे बायबल सोसायटीने अर्थसाह्य नाकारले आणि १८४० मध्ये इंग्लंडमधील बॅप्टिस्टांनी वेगळी भाषांतरसंस्था काढली. प्रचलित मराठी बायबलात ग्रीक शब्दच मराठी वळणाने लिहिलेला आहे. त्यामुळे पाणी ओतणारे व पाण्यात बुडविणारे या दोघांनाही तो चालतो. वादाचा निकाल मात्र त्याने लागत नाही.

अलीकडील घडामोडी : २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. तीत बॅप्टिस्ट मंडळ्या सामील झाल्या. बालकांचा बाप्तिस्मा व विश्वासणाऱ्यांचा बाप्तिस्मा या दोन्ही पद्धतींना तिने मान्यता दिली. ल्यूथरन चर्चे या ऐक्यात सहभागी झाली नाहीत. जागतिक पातळीवर ल्यूथरन व बॅप्टिस्ट यांच्या जागतिक संघटनांत १९८६ ते १९८९ या काळात अधिकृत संवाद झाला. नीतिमान ठरण्याविषयी त्यांना फारसे अंतर आढळले नाही. बाप्तिस्म्याविषयीचे अंतर राहिले. त्याआधी १९८२ मध्ये जागतिक चर्च परिषदेच्या लिमा येथे संमत झालेल्या मसुद्यात पुनर्बाप्तिस्मा टाळावा असे सुचविण्यात आले होते. बालबाप्तिस्मा नाकारणाऱ्या ॲनाबॅप्टिस्टांचा सोळाव्या शतकात जो छळ झाला, त्याबद्दल ल्यूथरन जागतिक संघाने २०१० मध्ये त्यांच्या मेनोनाइट वारसदारांची क्षमा मागितली. बॅप्टिस्टांचा उगम निराळा असला, तरी या छळाच्या स्मृतीशी तेही नाते मानतात.

या मसुद्यांनी न सुटणारा प्रश्न विवाहाच्या वा नोकरीच्या निमित्ताने होणाऱ्या स्थलांतरात उद्‌भवतो. छिंदवाड्याकडील ल्यूथरन कुटुंबातील मुलगी नवापूरकडील घरात सून म्हणून आली, तर तेथील मंडळी तिला सभासद करून घेताना पुन्हा बाप्तिस्मा घेण्यास सांगू शकते. मंडळीच्या दृष्टीने तो तिचा पहिलाच बाप्तिस्मा असतो, कारण तान्हेपणी जे झाले त्यात तिचा विश्वास नव्हता. तिच्या माहेरच्या चर्चच्या दृष्टीने मात्र ती देवाने एकदा दिलेले वचन अपुरे ठरविते. या ठिकाणी कोणालाही अर्धी वाट चालून जाता येत नाही. काही मंडळ्या अशा व्यक्तीस बाप्तिस्म्याचा आग्रह न धरता केवळ विश्वासाच्या कबुलीवर सामावून घेतात. काही तसे करीत नाहीत. निर्णय त्या त्या मंडळीच्या पाळकावर व वडिलांच्या सभेवर अवलंबून राहतो.